खान्देशला मनोरुग्णालय नको, तालुक्याला ठरलेला वार हवा

खान्देशात कुठल्याही सभेत मानसिक आरोग्याचा विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली असते: आपल्याकडे एक मनोरुग्णालय द्या. मागणी मनापासूनची असते. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. धडगावकडच्या पाड्यावरून रुग्णाला घेऊन ठाण्याला जायचं म्हणजे सोबत दोन माणसं, रात्रभराचा प्रवास आणि तिघांची मजुरी बुडीत. तरीसुद्धा ही मागणी मागे ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

इमारतीला जागा लागते, मंजुरी लागते, पदं भरावी लागतात, आणि तोवर रुग्णाची गोळी बंद पडलेली असते. भरती करण्याची वेळ मोजक्या रुग्णांवर, तीही मोजके दिवस येते. बाकी सगळ्यांना दर महिन्याला गोळ्या, कुणाला इंजेक्शन आणि गोळी सुटली तर घरी येऊन विचारणारं माणूस लागतं. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ चं कलम १९ हेच सांगतं: प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि घरच्यांनी नाकारलं किंवा गावाजवळ सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. म्हणजे सोय गावाजवळ आणणं हे सरकारचं काम ठरतं.

मग मागायचं काय? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून दोन ठरलेले वार मानसोपचाराची ओपीडी. औषधं त्याच खिडकीवर, महिनाभराची. आणि मधल्या काळात जो आला नाही त्याचा शोध. निवेदनात याच तीन गोष्टी लिहाव्यात. बारा मागण्यांच्या निवेदनावर 'योग्य कार्यवाहीस्तव' असा शेरा पडतो आणि ते फायलीत जातं. तीन मागण्यांच्या निवेदनाला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

निवेदन जायचं कुणाकडे, इथेच बहुतेकांची गाडी चुकते. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या, म्हणजे सिव्हिल सर्जनच्या अखत्यारीत. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक सिव्हिल सर्जनच्या हाताखाली, पण घरोघरी जाणारी आशा जिल्हा परिषदेच्या बाजूला. त्यामुळे 'पथक आमच्या पीएचसीला पाठवा' असं पत्र एकाच कार्यालयात दिलं तर ते दोन खात्यांच्या मध्ये लोंबकळत राहतं. पत्र एकच लिहावं, वर दोघांचीही नावं घालावीत आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. दोन्हीकडे आवक-जावक टेबलावर स्वतः जाऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. 'ठेवून जा, साहेबांना दाखवतो' म्हटलं तरी ठेवून यायचं नाही. पोच नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र.

कायद्याचा आधार चार ओळींत द्यावा. कलम १८ प्रमाणे सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते मोफत, आणि त्याच्याकडे कार्ड नसलं तरी मोफत. अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वर, सदासर्वकाळ विनामूल्य असली पाहिजेत. जिल्ह्यात किमान सरकारी सोयच नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेत घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने द्यायचा. हे शेवटचं वाक्य मुद्दाम घालावं. पैसे लगेच हातात पडतील म्हणून नव्हे. 'सोय नाही' असं लेखी उत्तर द्यायला मग कार्यालय दहा वेळा विचार करतं.

वार कोणता मागायचा यावर गावागावांत वाद होतो. आमचं म्हणणं, आठवडे बाजाराचा. बाजाराला ओळखीची माणसं भेटतात, चारचौघांत दिसायला नको, हा आक्षेप खरा आहे. पण सातपुड्यात बाजाराच्या दिवशीच जीपगाड्या भरून खाली येतात. इतर दिवशी यायचं तर अख्खी गाडी भाड्याने करावी लागते. लाजेवर तोडगा निघतो, भाड्यावर निघत नाही. तोडगा असा: बीपी-शुगरच्या तपासणीलाही तोच बाजाराचा वार ठेवायचा, केसपेपर त्याच खिडकीवर काढायचा, खोली कॉरिडॉरच्या टोकाची निवडायची आणि दारावर फक्त नंबर लावायचा. 'मनोरुग्ण तपासणी शिबिर' असा फ्लेक्स गेटवर लागला की निम्मी माणसं गेटवरूनच परत जातात. लग्नाचं वय झालेली मुलगी घरात असेल तर तिची आई तर नक्कीच.

ओपीडी सुरू झाली म्हणजे काम झालं, असंही नाही. खरी लढाई औषधांच्या साठ्याची असते. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल, ट्रायहेक्सिफेनिडिल, फ्लुओक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन, सोडियम व्हॅल्प्रोएट, लिथियम, आणि महिन्याने द्यायचं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन. एवढी नावं कागदावर लिहून दर ओपीडीला औषध खिडकीवर विचारावीत. काय आहे, काय नाही, काय बाहेरून आणायला सांगितलं, हे तारखेसह वहीत टिपावं. सहा महिन्यांची अशी वही रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ठेवली की चर्चा 'तक्रार' या शब्दापाशी अडत नाही, थेट मागणीपत्रापाशी येते. सरकारी औषधसाठा ई-औषधी प्रणालीत नोंदलेला असतो, त्यामुळे 'वरूनच आलं नाही' आणि 'आम्ही मागवलंच नाही' यांतलं खरं काय, ते काढता येतं. बहुतेकदा दुसरं खरं निघतं: रुग्णसंख्या नोंदलेली नाही म्हणून मागणी गेली नाही, आणि मागणी नाही म्हणून औषध नाही.

एक गोळी संपली की दुसरी दिली जाते, रुग्णाला ती मानवत नाही, आणि घरचे म्हणतात, सरकारी औषधात दमच नाही. हे टाळायचं तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम ठळक लिहून घ्यावं, आणि गोळी बदलली की का बदलली, हे तिथेच विचारावं.

लिथियमचं मात्र खान्देशात वेगळं प्रकरण आहे. या औषधाचं रक्तातलं प्रमाण थोडं वाढलं तरी विषबाधा होते, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो. केळीच्या बागेत किंवा कापसाच्या शेताच्या मशागतीत दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की शरीर लिथियम धरून ठेवतं. त्यात जुलाब-उलट्या लागल्या, किंवा अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली, तर आणखीच. हात जोरात थरथरणं, चालताना झोकांड्या जाणं, जीभ जड होणं, सतत ग्लानी ही लक्षणं दिसली की पुढची गोळी देण्याआधी, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 'ऊन लागलं' म्हणून कांद्याचा रस देत बसायचं नाही. म्हणून मार्चच्या ओपीडीत लिथियमवाल्या प्रत्येकाची रक्ततपासणी व्हावी, ही ओळ आपल्या भागात तरी निवेदनातल्या औषधांच्या मागणीतच असायला हवी. ती तपासणी तालुक्याला होत नसेल तर नमुना जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवायची सोय मागावी. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

हॅलोपेरिडॉलचंही एक लक्षात ठेवावं. इंजेक्शननंतर काही तासांत किंवा दिवसांत एखाद्याची मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, डोळे वर चढतात. घरच्यांना वाटतं वारं लागलं, आणि माणूस दवाखान्यातून थेट भगताकडे जातो. हा औषधाचा दुष्परिणाम आहे, प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुधा तासाभरात उतरतो, आणि ते इंजेक्शन पीएचसीला असतं. इंजेक्शन देतानाच नर्सने हे दोन वाक्यांत सांगितलं तर पुढचा सगळा फेरा वाचतो. न सांगितल्यामुळे उपचार कायमचे सुटलेली घरं खान्देशात कमी नाहीत.

भगताचा विषय निघालाच आहे, तर त्याच्याशी भांडून काही हाती लागत नाही. पाड्यावर रात्री दोन वाजता तोच येतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी दर्ग्यावर आपल्याकडूनही माणसं जातात, जाणार. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' अशी जोडी बसवली गेली: मुजावर दुआ करतात आणि डॉक्टरांकडेही पाठवतात. भगताला एवढंच सांगायचं की विधी कर, पण गोळी थांबवू नको, उपाशी ठेवू नको, मारू नको, बांधू नको. शेवटच्या दोन गोष्टींवर मात्र तडजोड नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने, साखळीने बांधणं, मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९५ मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला मनाई करतं. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेल्या रुग्णांना पळताच आलं नाही. २८ जण गेले.

घरातच साखळी असेल तर काम नाजूक होतं. आई-बापाने ती बहुतेकदा क्रूरपणाने घातलेली नसते. विहीर जवळ असते, रेल्वेचे रूळ जवळ असतात, आणि दोघांनाही सकाळी कामाला जायचं असतं. पहिल्याच दिवशी पोलीस घेऊन गेलं की साखळी सुटते, पण दार कायमचं बंद होतं. आधी औषध सुरू करायचं, झोप लागू द्यायची, दिवसा घरी कोण थांबेल याची पाळी लावायची, आणि साखळी काढण्याची तारीख घरच्यांकडूनच घ्यायची. जखम, उपासमार किंवा मारहाण असेल तर मात्र वाट पाहायची नाही: कलम १०१ प्रमाणे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, त्याला तसा अर्ज द्यावा.

माणूस भडकलेला आहे, कुणाला आवरत नाही, अशा वेळी ग्रामीण रुग्णालयात 'आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही, जळगावला न्या' हे ठरलेलं उत्तर मिळतं. कलम ९४ प्रमाणे जीवाला धोका असेल, स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा होण्याची भीती असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. सोबत आलेल्या नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती घ्यायची, आणि पुढे न्यायचं तर वाहनाची सोय हाही त्याच उपचारांचा भाग. या कलमाची मराठीतली एक प्रत अपघात विभागाच्या भिंतीवर लावून घेणं, हे दहा मोर्च्यांपेक्षा उपयोगी.

नामनिर्देशित प्रतिनिधी हा शब्द बोजड आहे, काम सोपं आहे. माणूस बरा असताना साध्या कागदावर लिहितो की माझ्या उपचारांत मला मदत करायला अमुक व्यक्ती, आणि खाली सही किंवा अंगठा. ती व्यक्ती सज्ञान हवी आणि तिची लेखी तयारी हवी. नवऱ्याऐवजी बहीण, भावाऐवजी मैत्रीण, असंही चालतं. बायकांच्या बाबतीत या कागदाचं मोल फार मोठं आहे, कारण सासरचे भरती करून निघून जातात, हे सर्रास घडतं.

विष घेतलेल्यांची गोष्ट वेगळी आणि आपल्या कापूसपट्ट्यात रोजची. सिव्हिलला आणलं की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, होते, पोलीस जबाब घेतात, आणि घरचे घाबरून 'चुकून तोंडात गेलं' सांगतात. मग मानसोपचाराचा विषयच निघत नाही, तीन दिवसांत डिस्चार्ज, आणि घरी तोच फवारणीचा डबा त्याच फळीवर. कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, उलट सरकारने त्याला उपचार आणि पुनर्वसन द्यायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमही उरलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद. ग्रामसभेत हे मोठ्याने वाचावं. आणि वॉर्डात मागावं: मानसोपचार विभागाने तपासल्याशिवाय डिस्चार्ज नको. घरी कीटकनाशकाला कुलूप, किल्ली दुसऱ्याकडे.

आशाताईंकडच्या सी-बॅक फॉर्ममध्ये, म्हणजे घरोघरी भरायच्या तपासणीच्या प्रश्नावलीत, मनाबद्दल दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही का, उदास वाटलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज तीनच्या वर गेली की पुढे पाठवायचं. पण तो फॉर्म तिशीच्या पुढच्यांचा. स्किझोफ्रेनियासारखे आजार बहुतेकदा त्याआधीच सुरू होतात, म्हणजे ज्यांना गाठायचं तेच यादीबाहेर. शिवाय ते प्रश्न छापील मराठीत वाचले तर 'नही, काय नही' एवढंच उत्तर येतं. नीन येस का, जेवन जास का, असं अहिराणीत विचारलं की माणूस बोलतो. पावरी आणि भिली बोलणाऱ्या पाड्यांवर हे काम तिथल्याच आशेने करावं. खालून गेलेल्या समुपदेशकाला दुभाष्या लागतो, आणि दुभाष्या बहुधा नवराच असतो.

दिवाळीनंतर नंदुरबारची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला जातात, ती होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास परततात. महिन्याची गोळी तिथे पुरत नाही. जाण्याआधीच्या ओपीडीत दोन-तीन महिन्यांचा साठा आणि आजार, औषध, मात्रा लिहिलेला एक कागद मागून घ्यावा. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगत्या दवाखान्याच्या औषधपेटीत हीच औषधं ठेवा, ही मागणीही रास्त आहे. टेली-मानस या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मराठीत चालतो, पण सातपुड्यातल्या ज्या पाड्यांना रेंजच नाही तिथे त्याचं पोस्टर लावून सेवा दिल्याचं दाखवू नये.

भुसावळ जंक्शनवर उतरलेली भरकटलेली माणसं कुणाच्या हद्दीत येतात, यावर रेल्वे पोलीस आणि शहर पोलीस यांची ढकलाढकली चालते. कधी कधी तर पुढच्या गाडीत बसवून दिलं जातं. कलम १०० नुसार ज्या ठाण्याच्या हद्दीत माणूस सापडला त्या ठाण्याने त्याला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हेही ठाण्याचंच काम. फोन करून थांबू नये. स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक मागावा.

आता प्रमाणपत्र. मानसिक आजार हे २०१६ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांगत्व आहे, आणि संजय गांधी निराधार योजना असो की एसटीची सवलत, ४० टक्क्यांची अट आडवी येते. तपासणी 'आयडियाज' मोजपट्टीवर होते: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण. त्यात आजार किती जुना, याचे गुण मिळतात: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षांना २, सहा ते दहा वर्षांना ३, दहाच्या वर ४. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्के. म्हणजे बारा वर्षांचा आजार जुन्या केसपेपरने सिद्ध झाला तर ४ गुण तिथेच, आणि कागद नसेल तर कदाचित १. पहिल्या डॉक्टरची पिवळी पडलेली चिठ्ठी जपून ठेवायची ती यासाठी. दुसरं, वैद्यकीय बोर्डापुढच्या तपासणीच्या दिवशी आई मुलाला आंघोळ घालून, इस्त्रीचे कपडे घालून आणते आणि 'बरा आहे आता' म्हणते. औषधावर असल्यामुळे तो शांतही असतो. प्रश्न त्या दिवसाचा नसतो. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, एकटा बाजारात जातो का, मजुरी सलग किती दिवस टिकते, हे सांगायचं असतं. घरच्यांनी ते आधीच एका कागदावर लिहून न्यावं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत संपण्याच्या तीन महिने आधी पुन्हा अर्ज करावा, नाही तर अनुदान थांबतं.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी त्यात मानसिक आजार असलेल्यांची नावंच नसतात, कारण यादी डोळ्यांनी दिसणाऱ्या अपंगत्वावरून बनते. ओपीडीचं गाडीभाडं या पैशातून द्या, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. नावं मात्र सभेत वाचायची नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे आजाराची माहिती गोपनीय आहे. यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) बंद पाकिटात.

एवढं करूनही उत्तर आलं नाही, तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. 'मानसिक आरोग्याबाबत सर्व माहिती द्या' असा अर्ज परत येतो. असं विचारावं: अमुक ग्रामीण रुग्णालयात १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात मानसोपचार ओपीडी कोणकोणत्या तारखांना झाली, प्रत्येक तारखेची रुग्णसंख्या, आणि वर दिलेल्या नऊ औषधांचा महिनावार शिल्लक साठा. पथकातली मंजूर आणि रिक्त पदं वेगळ्या अर्जात. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप. 'सदर माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर नाराज होऊ नये. ओपीडीच्या तारखांची नोंद नाही, हे कार्यालयाने सहीशिक्क्यानिशी मान्य केलेलं असतं. तोच कागद जोडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. दिव्यांग व्यक्तीला तिथे वकील मोफत मिळतो, त्यांचा नंबर १५१००. याच कायद्याखाली रुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडचा अर्ज त्याच वकिलाकडून लिहून घ्यावा. त्याला फी नाही, आणि रुग्णालयात भरती असलेला माणूस तर खास परिस्थितीत तो तोंडी किंवा फोनवरूनही करू शकतो.